अंदाजपत्रकातला ‘अंदाज’

संरक्षण-खरेदीचा खर्च फुगला की आपल्याकडे एकच शब्द तयार असतो: भ्रष्टाचार. तो असतोही कधी कधी. पण एकाही माणसाने एक पैसा खाल्ला नाही, तरी खर्च दुप्पट होऊ शकतो. तो कसा, ते आज पाहू.

नौदलापासून सुरुवात करू. रशियाने १९९६ साली सेवेतून काढलेली ‘अ‍ॅडमिरल गोर्शकोव्ह’ ही विमानवाहू नौका आपण जानेवारी २००४ मध्ये घेतली. जहाज फुकट, फेरबांधणीचे ९७.४ कोटी डॉलर. ती २००८ मध्ये मिळायची होती. जुना वाडा घेतलेल्यांना पुढचं सांगायला नको. रंगाचा अंदाज काढून काम सुरू करावं आणि गिलावा काढल्यावर तुळई पोकळ निघावी, तसं झालं. पत्रे, केबल उघडत गेले तसं काम वाढत गेलं. त्यात सेवमाश ही गोदी मुख्यतः पाणबुड्या बांधणारी. रशियाने २००७ मध्ये जादा पैसे मागितले आणि २०१० मध्ये आकडा सुमारे २३५ कोटी डॉलरवर थांबला. मधल्या काळात आपण ‘नको’ म्हणू शकलो असतो का? कागदावर, हो. पण ‘विराट’ म्हातारी झालेली, पैसे दिलेले आणि जहाज त्यांच्याच धक्क्याला बांधलेलं! ‘विक्रमादित्य’ म्हणून ती नोव्हेंबर २०१३ मध्ये नौदलात आली.

म्हणजे अंदाज चुकला तेव्हा जहाज कोणी उघडून पाहिलेलंच नव्हतं, आणि पाहिलं तेव्हा मागे फिरायची वाट राहिली नव्हती.

लष्कराची गोष्ट वेगळी. ‘अर्जुन’ रणगाड्याला १९७४ मध्ये साडेपंधरा कोटी मंजूर झाले, १९८७ मध्ये ते ३०५ कोटींवर गेले. महागाई धरली तरी या वीसपटीचा हिशेब लागत नाही. इथे झाकलेलं काही नव्हतं, वस्तूच अस्तित्वात नव्हती. लष्कराच्या अपेक्षा बदलत गेल्या, वजन वाढत गेलं, देशी इंजिन जमेना म्हणून जर्मन आणलं. जे अजून नाही त्याची किंमत सांगणं हा अंदाजसुद्धा नव्हे, ती इच्छा आहे. मंजुरीच्या फायलीत मात्र दोन्ही एकाच रकान्यात लिहितात.

यावर कायद्याने बंधन घालता येईल? अमेरिकेने १९८२ पासून घातलं आहे, नन-मॅकर्डी नावाचं. वाढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, तर संरक्षण खात्याने ‘देशाच्या सुरक्षेला हे आवश्यक आहे’ असं लेखी दिल्याशिवाय प्रकल्प चालू ठेवता येत नाही. लेखी कोण देणार? ज्यांचा प्रकल्प, त्यांचंच खातं. हवाई दलाच्या ‘सेंटिनेल’ क्षेपणास्त्राचा खर्च ८१ टक्क्यांनी वाढून सुमारे १४१ अब्ज डॉलर झाला, आणि जुलै २०२४ मध्ये तसं लेखी मिळालंही. वाढीचा मोठा वाटा क्षेपणास्त्राचा नव्हताच, जमिनीवरच्या बांधकामाचा होता. डागायची जुनीच भुयारं वापरू असं धरून चालले होते. २०२५ मध्ये हवाई दलाने सांगितलं, बहुतेक नवीच खणावी लागतील.