चार आवाजांची मैफल

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या व्हिडिओ खेळाचे संगीत तुम्ही ऐकले असेल. १९८५ साली जपानच्या कोजी कोंडो यांनी ते रचले, तेव्हा त्यांनी अवघे चार आवाज वापरले: दोन चौकोनी तरंगांचे, एक त्रिकोणी तरंगाचा आणि एक नुसत्या खरखरीचा.

केदारखेड्यासारख्या गावातले भजन आठवा. बुवा गातात, पेटी साथ करते, मृदंग घुमतो, टाळ ठेका धरतात. या चार आवाजांतही कामे अशीच वाटलेली आहेत. चौकोनी तरंग चाल आणि साथ सांभाळतात, त्रिकोणी तरंग खालचे स्वर देतो, तर खरखर ताल धरते.

हे आवाज वेगळे का वाटतात? चौकोनी तरंगात मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट असे स्वरही मिसळलेले असतात. त्यांचा आयाम मूळ स्वराच्या १/३, १/५ असतो. त्रिकोणी तरंगात तो १/९, १/२५ इतकाच! म्हणून चौकोनी तरंग पेटीसारखा धारदार, तर त्रिकोणी बासरीसारखा मऊ लागतो. खरखरीला ठरावीक वारंवारताच नसते. म्हणून ती तालाच्या कामी येते.

२०२३ साली अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांत ही सुरावट घेतली. व्हिडिओ खेळाच्या संगीताला हा मान प्रथमच मिळाला. आता ती डोळे मिटून ऐका आणि चारही आवाज वेगळे ओळखता येतात का, ते पाहा.