हात वर करण्याआधी ठराव समजून घेऊ या



आपली वार्षिक सर्वसाधारण सभा आठवून बघा. हिशोब वाचून झालेला असतो, जेवणाची वेळ टळत आलेली असते, लहान पोरं कंटाळून रडायला लागलेली असतात. अशात सचिवताई भरभर वाचतात, "ठराव क्रमांक सात, उपविधीत दुरुस्ती करणेबाबत. मंजूर आहे का?" मागून कुणीतरी ओरडतं, "मंजूर!" आपण हात वर करतो. इतिवृत्तात लिहिलं जातं, 'सर्वानुमते मंजूर'. घरी जाताना शेजारीण विचारते, "कसला गं होता सातवा ठराव?" आणि आपण म्हणतो, "कुणास ठाऊक बाई, सगळ्यांनी हात वर केला म्हणून मी पण केला."

हसू येतं, पण गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. उपविधी म्हणजे आपल्या संघाची घटनाच. कर्ज कुणाला, किती, पदावर कोण, किती वर्षं, पैशावर सही कुणाची, हे सगळं त्यात ठरतं. आपण न वाचता हात वर केला, तर आपल्याच हाताने आपला हक्क दुसऱ्याला देऊन बसू शकतो.

म्हणून आज तुम्हाला लांबच्या देशातल्या दोन मतदानांची माहिती सांगते. तिथल्या मतदारांनी घटनेतल्या बदलाचे ठराव वाचले, समजून घेतले आणि 'नाही' म्हटलं.

तिकडे राज्यालाही घटना असते

आपल्या देशाची घटना एकच. ती बदलायची तर संसदेत बदलते. दोन्ही सभागृहांत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश खासदार बाजूने लागतात, आणि ती संख्या सभागृहाच्या एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त असावी लागते. काही बदलांना निम्म्या राज्यांच्या विधानसभांचीही मंजुरी लागते. आपण गावात बसून त्यावर थेट मत देत नाही.

अमेरिकेत वेगळं आहे. तिथे ५० राज्यं आहेत आणि प्रत्येक राज्याची स्वतःची घटना आहे. ती बदलायची असेल तर एक डेलावेअर राज्य सोडून सगळीकडे शेवटी लोकांचं मत घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर प्रश्न येतो आणि लोक 'हो' किंवा 'नाही' करतात. तिथल्या काही राज्यांत लोक स्वतः सह्या गोळा करूनही बदलाचा ठराव मतदानाला आणू शकतात. ओहायो हे त्यातलंच एक राज्य. तिथे १९१२ पासून लोकांना हा अधिकार आहे, आणि निम्म्यापेक्षा एक मत जास्त पडलं की ठराव पास होतो.

ओहायोमध्ये काय घडलं

२०२३ साली ओहायोच्या विधिमंडळाने एक ठराव आणला. त्यात तीन गोष्टी होत्या.

पहिली: यापुढे घटना बदलायला निम्मी नाही, ६० टक्के मतं लागतील.

दुसरी: लोकांना ठराव आणायचा असेल तर आधी ८८ पैकी ४४ जिल्ह्यांतून ठराविक सह्या लागत होत्या, आता सगळ्या ८८ जिल्ह्यांतून लागतील.

तिसरी: सह्या कमी पडल्या तर भरून काढायला १० दिवस मिळत होते, ते बंद.

ठरावाच्या बाजूच्या लोकांचं म्हणणं होतं की घटना हा पाया आहे, थोड्याशा फरकाने तो हलू नये, आणि बाहेरचा पैसा येऊन आमच्या राज्याची घटना बदलू नये. हे म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. आपल्या संसदेतही साध्या बहुमताने घटना बदलत नाही, ते वर सांगितलंच.

मग लोकांना खटकलं काय? ते नीट बघा.

६० टक्क्यांची अट म्हणजे १०० जणांपैकी ५९ जण 'हो' म्हणाले तरी ठराव पडणार. म्हणजे ४१ जणांचं म्हणणं ५९ जणांवर चालणार. आणि ८८ जिल्ह्यांची अट म्हणजे ८७ जिल्ह्यांनी सह्या दिल्या आणि एकात कमी पडल्या, तरी सगळी मेहनत पाण्यात. दुसऱ्यांना ६० टक्के लावणारा हा ठराव स्वतः मात्र निम्म्या मतांवरच पास होणार होता.

मतदानाची तारीख ठेवली ८ ऑगस्ट. ऑगस्टमधल्या विशेष निवडणुकांना मतदार फार कमी येतात आणि खर्च फुकट जातो, म्हणून त्याच विधिमंडळाने त्या बहुतेक बंद करणारा कायदा नुकताच केला होता. तरी हा ठराव ऑगस्टमध्येच ठेवला. आपल्याकडे ऐन पेरणीच्या दिवसात महत्त्वाची सभा लावावी, तसंच झालं हे.

आणि घाई कसली होती? पुढच्याच नोव्हेंबरमध्ये दुसरा एक ठराव मतदानाला येणार होता. तो लोकांनी सह्या गोळा करून आणलेला होता. गर्भपातासह मूल होण्या-न होण्याबाबतचे निर्णय बाईने स्वतः घ्यावेत, हा हक्क घटनेत लिहावा, असा तो ठराव. ऑगस्टमध्ये ६० टक्क्यांची अट लागली असती, तर नोव्हेंबरच्या ठरावालाही ती लागू झाली असती.

मग लोक कामाला लागले. महिला मतदारांची तिथली जुनी संघटना 'लीग ऑफ विमेन व्होटर्स', कामगार संघटना आणि इतर अनेक जण 'नाही' म्हणा असं सांगत फिरले. राज्याचे चार माजी गव्हर्नर विरोधात उभे राहिले. त्यात दोन्ही मोठ्या पक्षांचे दोन-दोन होते. पक्ष वेगळे, पण मताचा अधिकार कमी करू नका यावर चौघांचं एक मत.

ऑगस्ट असूनही ३० लाखांहून जास्त लोकांनी मतदान केलं. साधारण ५७ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं आणि ठराव पडला.

पुढचं ऐका. ७ नोव्हेंबर २०२३ ला बायकांच्या हक्काचा ठराव मतदानाला आला आणि साधारण ५७ टक्के मतांनी पास झाला. आता हिशोब करा. ऑगस्टमध्ये लोक घरी बसले असते आणि ६० टक्क्यांची अट लागली असती, तर ५७ टक्के मिळूनही हा ठराव नापास ठरला असता. गर्भपाताबद्दल कुणाचं मत काहीही असो. बहुसंख्य लोकांनी दिलेला कौल उरला, तो आधीच्या मतदानात म्हटलेल्या एका 'नाही'मुळे.

गोड घास आधी, कडू नंतर

दुसरं उदाहरण लुईझियाना राज्याचं. २९ मार्च २०२५ ला तिथे घटनाबदलाचे चार ठराव मतदानाला होते. त्यातला दुसरा ठराव मुळात शंभराहून जास्त पानांचा होता. मतपत्रिकेवर मात्र त्याचा एक छोटा परिच्छेद. त्यात शिक्षकांचा पगार वाढेल, वयस्करांना करात सूट मिळेल, अशा चांगल्या वाटणाऱ्या गोष्टी होत्या. पण त्याच ठरावात शिक्षणासाठी राखून ठेवलेले काही निधी मोडायचं होतं आणि राज्याच्या करांची सगळी मांडणी बदलायची होती.

शिक्षकांचा पगार वाढावा असं कुणाला वाटणार नाही? पण एका हो-नाहीच्या प्रश्नात एवढं सगळं बांधलं, तर एक हवं आणि एक नको असं सांगायची सोयच राहत नाही. तिथल्या मतदारांनी चारही ठराव पाडले. जवळपास तीनातली दोन मतं 'नाही'ची होती.

आता आपल्या अंगणात

समजा, उद्या आपल्या प्रभागसंघात ठराव आला: 'संघाचे कामकाज अधिक सक्षम व गतिमान करण्यासाठी उपविधीत दुरुस्ती.' नाव किती छान! पहिल्या ओळीत लिहिलंय, सभेला येणाऱ्या सभासदांचा प्रवासभत्ता वाढेल. टाळ्या पडतात. खाली चौथ्या ओळीत लिहिलंय, पदाधिकाऱ्यांची मुदत दोन वर्षांऐवजी पाच वर्षं. सहाव्या ओळीत, विशेष सभा बोलवायला आधी पाच गटांचं लेखी पत्र पुरत होतं, आता तीस गटांचं लागेल.

प्रवासभत्त्याला आपला हात वर गेला, त्याच हाताने बाकीचंही मंजूर झालं. आणि पुढे काही चुकतंय असं दिसलं, तर सभा बोलवायला तीस गट कुठून आणणार?

म्हणून कुठल्याही बदलाच्या ठरावाला हे पाच प्रश्न विचारा.

१. आत्ताचा नियम काय आहे? जुनी ओळ आणि नवी ओळ शेजारी शेजारी वाचून दाखवा.

२. या बदलाने कुणाचा अधिकार वाढतो, कुणाचा कमी होतो?

३. हा बदल चुकीचा निघाला तर आपल्याला तो परत फिरवता येईल का? की ती वाटच यात बंद होतेय?

४. एका ठरावात किती गोष्टी बांधल्या आहेत? वेगवेगळ्या असतील तर वेगवेगळं मत घ्या.

५. आत्ताच का? घाई कशासाठी?

यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. व्याजदर चुकला तर पुढच्या सभेत बदलता येतो. पण बदल करण्याचा अधिकारच गेला, तर पुढची सभा नुसती चहापाण्याची.

'नाही' म्हणजे भांडण नव्हे

आपल्या बायांना 'नाही' म्हणायचा संकोच वाटतो. अध्यक्षताईंना वाईट वाटेल, गटात फूट पडेल, आपल्यालाच कर्ज मिळायचं नाही, असं मनात येतं. पण 'नाही'चा अर्थ एवढाच की आज जुना नियम राहील. संघ बंद पडत नाही, कुणाचं पद जात नाही. ठराव चांगला असेल तर नीट समजावून, सुटा करून पुढच्या सभेत परत आणता येतो. एकदा मंजूर झालेला वाईट ठराव मागे घ्यायला मात्र नाकी नऊ येतात.

सगळे बदल वाईट, असंही नाही. आज गावोगावी सरपंचताई दिसतात, त्या घटनादुरुस्तीमुळेच. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली आणि पंचायतीत किमान एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. पुढे महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. ज्या बदलाने आपला आवाज वाढतो त्याला मोकळ्या मनाने 'हो' म्हणा. जो कळला नाही, किंवा ज्याने आपला आवाज कमी होतो, त्याला 'नाही' म्हणा.

आणि घरी बसू नका. दारूबंदीच्या मतदानात उभी बाटली आणि आडवी बाटली असते, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. जी बाई घरी राहिली, तिचं मत न देताही उभ्या बाटलीला गेल्यासारखंच होतं. ग्रामसभेचंही पाहा. कोरम गावच्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. मोठ्या गावात शंभर जण सगळ्या गावाचं ठरवतात. त्या शंभरात आपण किती असतो? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असं कायद्यातच आहे. ती नुसती सह्यांपुरती होऊ देऊ नका. अजेंड्यावरचे ठराव तिथेच वाचून घ्या.

पुढच्या साप्ताहिक बैठकीत एक काम करा. आपली उपविधीची प्रत मागवून घ्या. जिला वाचता येतं तिने मोठ्याने वाचावी, बाकीच्यांनी अडेल तिथे थांबवावं. एका बैठकीत एकच पान झालं तरी चालेल. आणि सभेत ठराव कळला नाही, तर उभं राहून एवढंच म्हणा: "ताई, परत वाचा. समजल्याशिवाय आम्ही हात वर करणार नाही."