इव्हॉल्व्ह (अल्बम)

'''इव्हॉल्व्ह''' हा मुंबईतील इंडस क्रीड या इंग्रजी रॉक वाद्यवृंदाचा २०१२ साली प्रकाशित झालेला स्टुडिओ अल्बम आहे. त्यात आठ गाणी असून वृंदाच्या आधीच्या संगीताच्या तुलनेत ती अधिक गंभीर, घट्ट विणीची आणि प्रोग्रेसिव्ह रॉककडे झुकलेली आहेत. शीर्षकाचा अर्थ ‘उत्क्रांत होणे’ असा आहे. १९९७ मध्ये विसर्जित झालेल्या वृंदाने २०१० मध्ये पुन्हा एकत्र येऊन हा अल्बम तयार केला. त्यापूर्वीचा त्यांचा अल्बम १९९५ चा होता. म्हणजे दोन अल्बमांमध्ये सुमारे सतरा वर्षांचे अंतर पडले.

== पार्श्वभूमी ==

वृंदाची स्थापना १९८४ मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ या नावाने झाली. त्या काळी भारतातील बहुतेक रॉक वृंद पाश्चात्त्य गाण्यांच्या हुबेहूब नकला सादर करीत. श्रोत्यांची मागणीही तीच असे. रॉक मशीनने स्वतः रचलेली गाणी वाजवण्याचा आग्रह धरला आणि ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ (१९८८) व ‘द सेकंड कमिंग’ (१९९०) हे अल्बम काढले. १९९३ मध्ये वृंदाने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीच्या वार्षिक पुरस्कारांत आशिया विभागातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला.

पुरस्कार मिळाला तरी इंग्रजी रॉकला भारतात बाजारपेठ मिळाली नाही. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ध्वनिमुद्रिका कंपन्यांचे लक्ष हिंदी पॉपकडे वळले होते. मुंबईत धोबी तलावाजवळचे रंगभवन हे खुले नाट्यगृह रॉकच्या मैफलींचे हक्काचे ठिकाण होते. पुढे शांतता-क्षेत्राच्या नियमांमुळे त्या मैफलीही तेथून उठल्या. वृंद विसर्जित झाल्यावर गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘आम्स फॉर शांती’ हा वेगळा उपक्रम चालवला.

२०१० मध्ये वृंद पुन्हा उभा राहिला. जुन्यांपैकी उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया हे तिघे होते. बासवादक रुशाद मिस्त्री आणि ड्रमवादक जय राव कवी हे दोघे नंतरच्या पिढीतील. पुन्हा एकत्र आलेल्या वृंदांना श्रोते सहसा जुनीच गाणी मागतात आणि मैफली भरवण्यास तेवढे पुरतेही. तरीही संपूर्ण नवा अल्बम करण्याचा, तोही जुन्या धाटणीपासून दूर जाणारा, निर्णय या वृंदाने घेतला.

== संगीतप्रकार ==

‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ला मराठीत ‘पुरोगामी रॉक’ म्हणता येत नाही, कारण त्या शब्दाला आपल्याकडे सामाजिक चळवळींचा अर्थ कायमचा चिकटला आहे. ‘प्रागतिक’ हा शब्द त्यातल्या त्यात बरा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रुजलेल्या या प्रकारात कडवे-धृपदाची ठरीव चौकट मोडली जाते, एकाच रचनेत लय व भाव पालटतात आणि चारच्या सरळ ठेक्याऐवजी पाच, सात अशा विषम मात्रांची आवर्तने येतात. पाश्चात्त्य श्रोत्याला सात मात्रा अडखळल्यासारख्या वाटतात. रूपक तालावर वाढलेल्या आपल्या कानाला तेवढे नवल वाटत नाही. दीर्घ विस्तारामुळे या रचनांची तुलना बड्या ख्यालाशी करण्याचा मोह होतो, पण ती फार ताणू नये. ख्याल बैठकीत घडत जातो. प्रागतिक रॉकची रचना बव्हंशी आधीच बांधून ठेवलेली असते.

बांधण्याचे हे काम प्रामुख्याने स्टुडिओत होते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. बालगंधर्वांची नाट्यपदेही त्याच मापात बसवावी लागली. १९४८ मध्ये दीर्घवादी तबकडी आली, तेव्हा एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत बसू लागले आणि सलग ऐकण्याजोगा अल्बम शक्य झाला. पुढे अनेक ट्रॅकांच्या ध्वनिफिती आल्या आणि एकाच गायकाचा आवाज त्याच्याच आवाजावर पुनःपुन्हा चढवता येऊ लागला. क्वीन या ब्रिटिश वृंदाचा ‘अ नाइट ॲट दि ऑपेरा’ (१९७५) हा त्याचा गाजलेला नमुना. त्यातील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गीतात तीनच गायकांच्या आवाजांचे थरावर थर चढवून मोठ्या गायकवृंदाचा भास निर्माण केला आहे. क्वीनचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी याचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले होते आणि पहिला वृंदही त्याने तेथेच वाजवला.

== निर्मिती ==

‘इव्हॉल्व्ह’चे ध्वनिमुद्रण मुंबईत, बालापोरिया यांच्या कॉटन प्रेस स्टुडिओत झाले. स्टुडिओ वृंदातील सदस्याचाच असणे ही बाब वरकरणी किरकोळ वाटेल. या प्रकारच्या अल्बमाचा सारा हिशेब मात्र तिच्यावर अवलंबून असतो. मुंबईतील स्टुडिओंचे अर्थकारण चित्रपटगीते आणि जाहिराती यांवर उभे आहे. तेथे पाळी ठरलेली असते आणि घड्याळाकडे पाहून काम उरकावे लागते. भाड्याच्या तासांत चार मिनिटांचे सरळ गाणे बसते; लय बदलणारी, पुनःपुन्हा मोडून जोडावी लागणारी रचना बसत नाही. बाहेरगावच्या वृंदांना जो वेळ ध्वनिमुद्रिका कंपनी विकत घेऊन देई, तो येथे घरचाच होता.

रॉकच्या ध्वनिमुद्रणात सहसा ड्रमचा पाया प्रथम घातला जातो. त्यासाठी ड्रमच्या प्रत्येक अंगाला वेगळा मायक्रोफोन लावून प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र ट्रॅकवर घेतात. त्यावर बास, मग गिटारी व कीबोर्ड, आणि सर्वांत शेवटी गायन असा क्रम असतो. विषम मात्रांच्या रचनेत पायाच हलला तर वरचे सारे मजले कलतात. म्हणून अशा अल्बमात ड्रम आणि बास यांच्या मेळाला मुख्य गिटारीइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व येते. ‘इव्हॉल्व्ह’मध्ये ही बाजू वृंदातील दोघा नव्या वादकांकडे होती, आणि जुन्या अल्बमांशी तुलना करता सर्वांत ठळक फरक येथेच ऐकू येतो.

मुद्रित झालेल्या ट्रॅकांचे मिश्रण टिम पामर यांनी केले. पर्ल जॅमच्या ‘टेन’ (१९९१) आणि पॉर्क्युपाइन ट्री या ब्रिटिश प्रागतिक रॉक वृंदाच्या ‘इन ॲबसेन्शिया’ (२००२) या अल्बमांचे मिश्रणही त्यांचेच. या दोन नावांवरून इंडस क्रीडला कोणता ध्वनी हवा होता, याची कल्पना येते. फितीच्या काळात ट्रॅकांची संख्या मर्यादित असे. संगणकावर ती मर्यादा उरलेली नाही. त्यामुळे मोह वाढतो, आणि काय ठेवावे यापेक्षा काय काढावे हा मिश्रणकाराचा खरा प्रश्न होतो. कोणती गिटार डावीकडे सरकवावी, कोणती मागे दडवावी, गायकाभोवती किती घुमारा ठेवावा, हे निर्णय रचनेचाच भाग ठरतात. ते वृंदाबाहेरच्या, जुन्या आठवणींचे ओझे नसलेल्या माणसाकडे सोपवण्यात वृंदाने शहाणपण दाखवले असे म्हणता येईल. मास्टरिंग, म्हणजे सर्व गाण्यांची ध्वनिपातळी व पोत एकसंध करण्याची अखेरची प्रक्रिया, अमेरिकेतील अँडी व्हॅनडेट यांनी पार पाडली.

== गाणी ==

अल्बममध्ये ‘फायरफ्लाइज’, ‘डिझॉल्व्ह’, ‘द मनी’, ‘टेक इट हार्डर’, ‘नो डिस्ग्रेस’, ‘कम अराउंड’, ‘बुलेटप्रूफ’ आणि ‘गुडबाय’ ही गाणी आहेत. ‘फायरफ्लाइज’ म्हणजे काजवे. अल्बमची सुरुवात या गाण्याने होते. रॉक मशीनच्या काळातील, मैदानातील गर्दीने सोबत गावे अशी सोपी धृपदे येथे शोधणाऱ्याची काहीशी निराशा होते. कीबोर्ड केवळ भरणा न करता रचनेला वळण देतो आणि गिटार दीर्घ काळ संयमाने वाजते. कठोर अर्थाने हा प्रागतिक रॉकचा अल्बम म्हणावा का, याविषयी मतभेद संभवतो. अर्धा-अर्धा तास चालणाऱ्या रचना वा एकच कथासूत्र यात नाही, आणि गीताचा आकार बहुतेक ठिकाणी ओळखू येतो. बदललेली आहे ती बांधणीची पद्धत.