शहापूर-मुरबाड कुणाच्या आकड्यात?

२०११च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला: १ कोटी १० लाखांवर माणसं. त्यात मुंबईला खेटलेली शहरं आली, तसे शहापूर-मुरबाड तालुक्यांतले पाडेही. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. जुन्या-नव्या ठाण्याची थेट तुलना करणारा अभ्यासक हमखास फसतो. तालुकावार बेरीज नव्याने मांडावी लागते.

२०११ची ही मोजणी फेब्रुवारीत झाली. तेव्हा शहापूर-मुरबाडमधली अनेक कातकरी आदिवासी कुटुंबं वीटभट्ट्यांवर असतात आणि नियमानुसार तिथंच मोजली जातात. पाड्यावर कुलूप म्हणजे गाव ओसाड नव्हे!

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण कुपोषण, बाळंतपणं तपशिलात विचारतं. पण जनगणनेसारखं प्रत्येक घरात नव्हे, निवडक घरांतच. त्याचे आकडे जिल्ह्यापाशी थांबतात. त्यातून एकट्या मुरबाडचं कुपोषण सांगणं धाडसाचंच.