भाड्याची मोटार आणि उमेदवार साहेब

पूर्वी तालुक्याच्या गावी सायकलीचे दुकान असे. वहीत नाव लिहिले, तासाचे पैसे ठरले, की सायकल मिळे. दुकानदार बहुतेकांना तोंडाने ओळखत असे. ओळखत नसला तर विचारी, "कोणाचा रे तू?" सायकल घेऊन कोणी पळाला, तरी पळून पळून जाणार कुठे?

मोटारीचे मात्र तसे नाही. गावाकडे आपण लग्नाला गाडी ठरवतो, आजारी माणसाला जिल्ह्याला न्यायला ठरवतो. तेव्हा गाडीबरोबर ड्रायव्हर येतो. चाक त्याच्या हाती असते. मोठ्या शहरांत आता नुसती गाडीही भाड्याने मिळते. पण पुष्कळांना अजून ते नवलाचे वाटते.

अमेरिकेत ही रोजची गोष्ट आहे. तिथे अनोळखी माणूस दुकानात येतो. लायसन दाखवतो, पैशाची सोय दाखवतो, कागदावर सही करतो. मग त्याच्या हातात गाडीची किल्ली देतात. ड्रायव्हर नाही, क्लीनर नाही. लाखो रुपये किमतीची मोटार घेऊन तो निघून जातो.

ही किल्ली देतो कोण? पुष्कळ वेळा नुकता कॉलेजातून बाहेर पडलेला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. तिकडे त्याला 'मॅनेजमेंट ट्रेनी' म्हणतात. म्हणजे कारभार शिकणारा उमेदवार. आपल्याकडे सुताराच्या हाताखाली पोरगा उमेदवारी करतो ना, तशीच ही साहेबकीची उमेदवारी.

आधी कंपनीची गोष्ट ऐका.

अमेरिकेत सेंट लुईस नावाचे शहर आहे. मिसिसिपी या मोठ्या नदीच्या काठी ते वसले आहे. तिथे जॅक टेलर नावाचा गृहस्थ मोटारी विकणाऱ्या एका पेढीत कामाला होता. दुसऱ्या महायुद्धात तो आरमारात विमान चालवत असे. १९५७ साली त्याने सात मोटारी घेऊन स्वतःचा धंदा मांडला. गाड्या लांब मुदतीच्या कराराने वापरायला द्यायच्या, असा तो धंदा होता. पुढे १९६२ साली त्याने रोजाच्या भाड्यानेही गाड्या देणे सुरू केले. युद्धात तो ज्या जहाजावर होता, त्यांतल्या एकाचे नाव 'एंटरप्राइज'. तेच नाव त्याने नंतर कंपनीला दिले. आज या कंपनीच्या ताब्यात वीस लाखांहून जास्त मोटारी आहेत. २००७ साली तिने 'नॅशनल' आणि 'अलामो' या दोन दुसऱ्या भाडे-कंपन्याही घेतल्या.

टेलर वाढला कसा? त्या वेळच्या मोठ्या कंपन्यांचे लक्ष विमानतळावर होते. प्रवासी विमानातून उतरला, की त्याला गाडी द्यायची. टेलरने गावातला माणूस धरला. कोणाची गाडी ठोकरली गेली, कोणाची दुरुस्तीला पडली. तिकडे पुष्कळ गावांत बस फार थोड्या. घर एकीकडे, काम दहा कोसांवर. गाडी नाही म्हणजे पाय मोडल्यासारखेच. तेवढ्या आठ-पंधरा दिवसांसाठी त्याने गाडी दिली. पुष्कळदा भाडे विमा कंपनी भरते.

पण गाडी मोडलेला माणूस दुकानापर्यंत येणार कसा? हे १९७४ साली ऑर्लँडो शहरातल्या एका शाखेच्या मॅनेजरला सुचले. त्याने गिऱ्हाइकाला घरून आणायला सुरुवात केली. ती रीत मग सगळीकडे गेली.

आता उमेदवाराकडे वळू.

शाखा लहान असते. चार-सहा माणसे, एक टेबल, मागे गाड्यांचे आवार. उमेदवार सकाळी लवकर येतो. इस्त्रीचा सदरा, बऱ्याच ठिकाणी गळ्यात टायसुद्धा. येऊन काय करतो म्हणाल? बाहेर गाड्यांची रांग असते. त्यातली एक काल रात्री परत आली आहे. आत पोरांनी बिस्किटे सांडली आहेत. धुणारा माणूस आज आलेला नाही, नाहीतर दुसऱ्या गाडीत गुंतला आहे. उमेदवार बाह्या वर करतो आणि गाडी धुतो. यंत्राने आतला केर ओढून घेतो. अंगात बी.ए.ची पदवी आणि हातात ओले फडके!

पहिल्या आठवड्यात काहींना याची लाज वाटते. मला विचाराल तर यात लाजण्यासारखे काही नाही. जो गाडी पुसतो त्यालाच तिचा ओरखडा दिसतो. आणि ओरखड्यावरच या धंद्यातली निम्मी भांडणे होतात.

ते कसे, पहा.

समजा, एक म्हातारी बाई आली आहे. मागून कोणीतरी धडक दिल्याने तिची गाडी दुरुस्तीला गेली आहे. उमेदवाराने तिला घरून आणले. लायसन पाहिले. गिऱ्हाइकाचे वयही पाहावे लागते. बहुतेक ठिकाणी २१ वर्षांच्या आतल्याला गाडी देत नाहीत. २५ च्या आत असेल तर जादा आकार घेतात. आपल्या बाईला तो प्रश्न नाही. मग दोघे गाडीभोवती फिरतात. दाराला ओरखडा आहे? लिहा. काचेला खडा लागला आहे? लिहा. टाकीत पेट्रोल किती? काट्याकडे बघून तेही लिहा. जितके दिले तितके परत आणायचे. हे झाले की खाली बाईची सही.

या वेळी बाई घाईत असते. म्हणते, "बेटा, मला काही दिसत नाही. तूच लिही, मी सही करते."

इथे उमेदवाराची पारख होते. न दाखवता सही घेतली, तर पाच मिनिटे वाचतात. पण आठ दिवसांनी गाडी परत येते आणि दुसरा नोकर म्हणतो, "हा पोचा नवा आहे, भरा पैसे." कागदावर पोचा लिहिलेला नसतो. बाई शपथ घेऊन सांगते, "आधीचाच आहे." पण शपथेपेक्षा कागद मोठा. आता पुष्कळ ठिकाणी कागदाऐवजी काचेच्या पाटीवर बोटाने सही घेतात. सहीचे वजन तेवढेच राहते. म्हणून शहाणे गिऱ्हाईक निघण्यापूर्वी आपल्या फोनवर गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवते.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. करारात एक जादा कलम असते. त्याला नुकसान-माफी म्हणू या. रोज थोडे जास्त पैसे द्यायचे. मग गाडीचे काही नुकसान झाले, तर कंपनी ते मागत नाही. अर्थात करार पाळलेला असला तरच. दारू पिऊन चालवली, किंवा करारात नाव नसलेल्याच्या हाती दिली, तर माफी गेली. दिवसाला आकार थोडा दिसतो. पंधरा दिवसांचा हिशेब केला की डोळे उघडतात.

हे कलम वाईट नाही. ज्याचा स्वतःचा विमा नाही, त्याला ते मोठा आधार आहे. पण पुष्कळ अमेरिकन लोकांच्या घरच्या गाडीचा विमा भाड्याच्या गाडीलाही लागू पडतो. मग त्याने दुहेरी पैसे का द्यावेत? आणि हे कलम घेतलेच पाहिजे असे नाही. घ्यायचे की नाही, ते गिऱ्हाइकाने ठरवायचे.

अडचण अशी, की भाड्याच्या धंद्यात या जादा विक्रीवर चांगला नफा असतो. उमेदवाराने ते किती जणांना विकले, याचा हिशेब वरचे साहेब ठेवतात. म्हणजे पोराच्या एका कानात साहेब सांगतो, "वीक." समोर म्हातारी विचारते, "बेटा, मला हे लागेल का?"

काय सांगावे त्याने?

खरा उमेदवार विचारतो, "मॅडम, तुमच्या विम्यात भाड्याची गाडी धरली आहे का? विमा कंपनीला फोन लावून विचारू या." त्यात कदाचित विक्री जाते. पण एंटरप्राइज कंपनीत दुसरे एक माप आहे, आणि ते विक्रीच्या उलट बाजूने ओढते.

ते माप असे. गाडी परत केलेल्या काही गिऱ्हाइकांना कंपनी फोन करून विचारू लागली, "तुमचे समाधान झाले का?" उत्तराच्या पाच पायऱ्या. त्यांतली फक्त सगळ्यांत वरची धरायची, 'पूर्ण समाधान'. 'बरे होते' म्हटले तर शून्य. प्रत्येक शाखेचा आकडा काढायचा. पुढे असा नियम झाला, की शाखेचा आकडा कंपनीच्या सरासरीच्या खाली असेल, तर तिथल्या माणसाला बढती नाही. विक्री कितीही असो. म्हणजे फसून सही केलेली म्हातारी घरी बसून पोराची बढती अडवू शकते.

नियम चांगला आहे, पण त्यालाही पळवाट असते. माणूस शेवटी माणूस. कोणी गिऱ्हाइकाला आधीच गोड बोलून ठेवतो, "फोन आला तर पूर्ण समाधान म्हणा हं!" परीक्षेच्या आदल्या दिवशी पेपर सांगितल्यासारखेच ते.

दिवसभर आणखी कामे असतात. मुदत संपलेल्यांना फोन करायचे. दुरुस्तीच्या कारखान्यात जाऊन विचारायचे, "बाईंची गाडी कधी होणार?" कारण विमा कंपनी ठरलेल्या दिवसांचेच पैसे देते. कारखान्यात चार दिवस उशीर झाला, तर ते भाडे कोणी भरायचे? हा वाद उमेदवाराच्याच टेबलावर येतो. एका हाताने बाईला धीर द्यायचा, दुसऱ्या हाताने विमा कंपनीला फोन लावायचा. शुक्रवारी तर गर्दीला पार नसतो. दोन दिवसांच्या सुट्टीसाठी सगळ्यांना गाड्या हव्या, आणि परत येणारी गाडी अजून रस्त्यातच.

साधारण वर्षभर असे काम केल्यावर परीक्षा होते. मग असिस्टंट, मग शाखेचा मॅनेजर. वरच्या जागा बहुतेक खालूनच भरतात. पामेला निकोल्सन ही बाई १९८१ साली इथे उमेदवार म्हणून लागली. २०१३ साली ती साऱ्या कंपनीची मुख्य झाली. टेलरच्या घराबाहेरची अशी ती पहिलीच. पण मोटारी धुणाऱ्या हजारांतून एकच त्या जागेवर बसणार, हे उघड आहे. पुष्कळ मुले वर्ष-दोन वर्षांत दमून दुसरीकडे जातात.

आता पगाराचे ऐका. यात एक गोम आहे.

अमेरिकेत १९३८ चा कायदा आहे. आठवड्याला ४० तासांच्या वर काम केले, तर त्या तासांना दीडपट पैसे. पण ज्याचे काम खरोखर कारभाराचे आहे, त्याला हे लागू नाही. म्हणजे साहेब झाला, की जादा तासांचा हक्क गेला. मग साहेब कोणाला म्हणायचे? नाव असिस्टंट मॅनेजरचे, आणि दिवस गेला गाड्या धुण्यात आणि गिऱ्हाईक आणण्यात, तर? याच कंपनीच्या असिस्टंट मॅनेजरांनी २००७ पासूनच्या काळात असे दावे लावले. आम्ही नावाचेच साहेब आहोत, आमचे जादा तासांचे पैसे द्या, असे त्यांचे म्हणणे. कंपनीचे म्हणणे, त्यांचे काम कारभाराचेच आहे.

त्यात आणखी एक प्रश्न निघाला. कंपनीने वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळ्या पोट-कंपन्या काढल्या आहेत. नोकर त्या पोट-कंपनीचा. मग वरच्या मूळ कंपनीवर दावा चालतो का? २०१२ साली वरिष्ठ न्यायालयाने सांगितले, की मूळ कंपनीला त्यांची मालक धरता येत नाही. पाटी एकच, पण नेमणुकीच्या कागदावर नाव दुसरे. गाडीभोवती फिरून गिऱ्हाइकाच्या सह्या घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी नोकरीच्या पहिल्या दिवशी आपल्या कागदावरचे ते नाव नीट वाचले असेल?

संध्याकाळ होते. शाखेचा दरवाजा बंद होतो. उमेदवार भिंतीवरच्या किल्ल्या मोजतो आणि यादीशी ताडून पाहतो. म्हातारीची गाडी अजून चार दिवस बाहेर असणार. तिच्या कागदावर दाराचा ओरखडा लिहिलेला आहे, पेट्रोलचा काटा लिहिलेला आहे, आणि नुकसान-माफीसमोर तिने स्वतःच्या हाताने 'नको' अशी खूण केली आहे.