शर्यतीच्या मैदानाची वाटणी

महालक्ष्मी रेसकोर्सचा भाडेपट्टा ३१ मे २०१३ रोजी संपला आणि पुढचा करार व्हायला अकरा वर्षे गेली. एवढ्या काळात शर्यती थांबल्या नाहीत आणि पहाटे फिरायला येणाऱ्यांची रीघही आटली नाही. जमिनीचा मोठा हिस्सा राज्य सरकारचा, उरलेला मुंबई महापालिकेचा, आणि रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब हा भाडेकरू. दक्षिण मुंबईतली दोनशेहून अधिक एकर मोकळी जागा दशकभर चालू पट्ट्याविना वापरात राहिली.

शर्यती आधी भायखळ्याला होत. १८८३ मध्ये त्या महालक्ष्मीच्या पाणथळ सपाटीवर आल्या. १९३५ मध्ये क्लबला ‘रॉयल’ हे बिरुद मिळाले, १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी इथेच झाली. घोड्यांच्या पैजांनी एका गोष्टीचे रक्षण मात्र केले: भोवती टॉवर उभे राहत गेले, पण धावपट्टीच्या आतल्या गवतावर इमारत आली नाही.

२०१३ मध्ये पालिकेत सत्तेवर असलेल्या शिवसेनेने इथे थीम पार्कची कल्पना मांडली. राज्यात तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते, निर्णय लांबला. पुढे सरकारे बदलली, युत्या मोडल्या, तरी पट्ट्याची फाइल तिथेच राहिली. मग जानेवारी २०२४ मध्ये क्लबच्या सभासदांपुढे जमिनीच्या वाटणीचा प्रस्ताव आला आणि बहुमताने संमत झाला. मला हीच गोष्ट सर्वात जास्त खटकते. भाडेकरूच्या सभासदांना मत देता आले. ज्यांच्या नावे सरकार आणि पालिका ही जमीन राखून आहेत, त्या मुंबईकरांना कोणी विचारले नाही. तेव्हा पालिकेत निवडून आलेले नगरसेवकही नव्हते, कारभार प्रशासकाच्या हाती होता. आदित्य ठाकरे यांनी विरोध केला, नागरिकांच्या गटांनी केला, पण मार्च २०२४ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळाने वाटणीला मंजुरी दिली. १२० एकर पालिकेकडे सेंट्रल पार्कसाठी, ९१ एकर क्लबकडे, तेही २०५३ पर्यंत. सागरी किनारा रस्त्यालगतची १७५ एकर भराव-जमीन जोडून सुमारे तीनशे एकरांचे उद्यान होईल, असे सांगण्यात आले.

आकडा मोहक आहे. पण मुंबईत जमिनीचे भवितव्य घोषणेतल्या आकड्यावर ठरत नाही, ते नियमातल्या शब्दावर ठरते. याचा धडा रेसकोर्सपासून हाकेच्या अंतरावर, लोअर परळला मिळाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ प्रमाणे कापड गिरणीच्या जमिनीचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी, तिसरा सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकासाठी होता. २००१ मध्ये फेरबदल झाला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, बांधकामाखालची जमीन त्यात धरायची नाही. सहाशे एकरांच्या आसपास गिरणजमिनीतून शहराला मिळायचा हिस्सा त्या एका दुरुस्तीने चिमूटभर उरला. उच्च न्यायालयाने नागरिकांच्या बाजूने निकाल दिला, पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली.

असे शब्द बदलण्याची रीतही कायद्यात ठरलेली आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये विकास आराखड्यातला फेरबदल कलम ३७ खाली होतो. सूचना निघते, हरकती मागवतात, सुनावणी होते, नगरविकास विभाग मंजुरी देतो. सर्वसामान्य माणसाला बोलायला उरणारी जागा हीच, आणि ती सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टायपात येते.

सेंट्रल पार्कच्या आराखड्यांत वाहनतळ आणि क्रीडा संकुल जमिनीखाली असल्याचे सांगितले जाते. वर एकही इमारत नाही, म्हणून हे मैदानच राहील, असा त्यामागचा युक्तिवाद. तो मला पटत नाही. स्लॅबवर अंथरलेल्या मातीत वड, पिंपळ वाढत नाहीत. पाणथळीवर वसलेल्या या भागात पावसाचे पाणी मुरायलाही खोल, अखंड माती लागते. खोदकामाला परवानगी देण्यापूर्वी पालिकेने भूमिगत बांधकामाचा छेदनकाशा, त्यावरच्या मातीची खोली आणि क्लबच्या ९१ एकरांत काय बांधता येईल याची मर्यादा मराठीत प्रसिद्ध करावी आणि त्यावर जाहीर सुनावणी घ्यावी.