भयपट पाहण्याचे वय कोणते?

मुलाने भयपट कोणत्या वयात पाहावा, हा प्रश्न आजच्या पालकांपुढे ज्या स्वरूपात उभा आहे, त्या स्वरूपात तो तीस वर्षांपूर्वी नव्हता. तेव्हा भीतिदायक चित्रपट चित्रपटगृहात लागे किंवा ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी दूरचित्रवाणीवर दाखवला जाई, आणि तो मुलांना पाहू द्यायचा की नाही याचा निर्णय घरातल्या मोठ्यांना एकदाच घ्यावा लागे. आता तोच चित्रपट, त्याची झलक आणि त्यातले सर्वांत भेसूर दृश्य मोबाइलच्या पडद्यावर केव्हाही, कोणी न मागताही समोर येते. त्यामुळे मूल भीतीला तोंड देण्याइतके तयार आहे की नाही, हे ओळखणे पालकांच्या रोजच्या कामांपैकी एक झाले आहे.

छत्तीसगडमधील भिलाई शहर आणि त्यातील पूर्व व पश्चिम अशा दोन भागांत वसलेले नेहरू नगर येथे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत-सोव्हिएत सहकार्याचा करार १९५५ साली झाला, पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि या कारखान्याच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येथे आली. मराठी माणसांचा या प्रदेशाशी संबंध मात्र त्याहून जुना, अठराव्या शतकात छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांची सत्ता आली तेव्हापासूनचा आहे. साहजिकच येथील मराठी घरातले मूल आजीच्या गोष्टीत मुंजा आणि हडळ ऐकते, शाळेतल्या मित्रांकडून हिंदी चित्रपटांतली चुडैल उचलते आणि शेजारपाजाराच्या बोलण्यातून छत्तीसगढी टोनहीही त्याच्या कानांवर पडते. पडद्यावरचे भूत पाहायला बसण्याआधीच अशा मुलाच्या मनात भीतीचा बराच ऐवज साठलेला असतो, आणि त्याचा विचार केल्याशिवाय वयाचा कोणताही आकडा उपयोगाचा ठरत नाही.

प्रमाणपत्र काय सांगते

भारतात चित्रपटांना प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था १९५२ च्या चलच्चित्र कायद्यावर उभी आहे. प्रारंभी सर्वांसाठी ‘यू’ आणि केवळ प्रौढांसाठी ‘ए’ असे दोनच मुख्य वर्ग होते. १९८३ पासून त्यांत ‘यूए’, म्हणजे बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावा असा चित्रपट, आणि ‘एस’, म्हणजे डॉक्टरांसारख्या विशिष्ट वर्गापुरता मर्यादित चित्रपट, या दोन वर्गांची भर पडली. पाच वर्षांचे आणि अकरा वर्षांचे मूल एकाच मापाने मोजणारा ‘यूए’ हा वर्ग फारच ढोबळ होता, आणि म्हणूनच २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे ‘यूए ७+’, ‘यूए १३+’ आणि ‘यूए १६+’ असे तीन भाग केले. इंटरनेटवरून दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांना आणि मालिकांना अशीच वर्गवारी २०२१ च्या नियमांनी आधीच लागू झाली होती. ‘यूए १३+’ आणि त्यावरील आशयाला पालकांनी कुलूप लावता यावे, अशी सोय त्या नियमांनी बंधनकारक केली.

या व्यवस्थेतला एक भेद पालकांच्या नेहमी लक्षात येत नाही. ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट अठरा वर्षांखालील मुलाला चित्रपटगृहात दाखवणे हा कायद्याने गुन्हा आहे. पण ‘यूए’च्या तिन्ही वर्गांतला आकडा केवळ पालकांच्या माहितीसाठी असतो आणि तो पाळायचा की नाही हे पालकांखेरीज कोणी ठरवू शकत नाही. म्हणजेच ‘यूए १६+’ चित्रपटाला सहा वर्षांच्या मुलाला घेऊन गेलेल्या आईवडिलांना कायदा अडवत नाही, निर्णयाचा सगळा भार त्यांच्याच शिरावर टाकतो. शिवाय प्रमाणपत्र चित्रपटाला मिळते, मुलाला नव्हे. अंधाराला घाबरणाऱ्या आणि कुत्र्याला घाबरणाऱ्या मुलांसाठी एकच चित्रपट दोन वेगळे चित्रपट असतात, हे प्रमाणपत्र देणाऱ्या कोणत्याही मंडळाला कळणे शक्य नाही.

भीतीचे रूप वयागणिक बदलते

लहान मुलाला काय भिववते, याचे एक बोलके उत्तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेटा डिव्राइस यांच्या १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मिळते. मेनार्ड नावाचे एक गरीब मांजर मुलांना आधी कुरवाळू दिले गेले. मग त्याचे डोके आडोशाला नेऊन त्याला उग्र कुत्र्याचा मुखवटा चढवण्यात आला. मांजराची शेपटी आणि मागचे धड मुलांच्या डोळ्यांसमोरच होते, तरीही तीन वर्षांच्या अनेक मुलांना आता ते खरेखुरे कुत्रे झाले आहे असे वाटले, तर सहा वर्षांच्या बहुतेकांनी ते मुखवटा घातलेले मांजरच असल्याचे ओळखले. जे दिसते तेच असते, ही समजूत सुटण्याचा काळ साधारण या दोन वयांच्या दरम्यान येतो.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोअॅन कँटर यांनी मुले आणि पडद्यावरील भीती यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि त्यांच्या निष्कर्षांचा या समजुतीशी जवळचा मेळ बसतो. सज्जन माणसाचा हिरवा, अक्राळविक्राळ महाकाय होतो अशा ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या मालिकेतला नायक खरे तर दुर्बलांचा रक्षणकर्ता होता. तरीही शाळापूर्व वयाच्या मुलांच्या पालकांनी आपल्या मुलांना घाबरवणाऱ्या गोष्टींत या मालिकेचे नाव आवर्जून घेतले, कारण त्या वयात हेतूपेक्षा रूप आणि रूपापेक्षाही रूपाचा पालट मनाला जास्त भिडतो. याच्या उलट, अणुहल्ल्याची कल्पित कथा सांगणारा ‘द डे आफ्टर’ हा चित्रपट नोव्हेंबर १९८३ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर दाखवला गेला तेव्हा सर्वांत कमी अस्वस्थ झाली ती लहान मुलेच. संहाराचा अर्थ ज्यांना कळत होता, ती मोठी मुले आणि माणसे अधिक हादरली.

यातून एक ढोबळ आराखडा मांडता येतो. पाचएक वर्षांपर्यंत विद्रूप चेहरा, अचानक आलेला मोठा आवाज आणि माणसाचे दुसऱ्याच कशात तरी होणारे रूपांतर यांची भीती वाटते, आणि ‘हे सगळं खोटं आहे’ या समजावणीचा तेव्हा फारसा उपयोग होत नाही. मांडी, उजेड, हातातले खाणे यांनीच मूल शांत होते. सात ते बारा या वयात चोर, अपहरण, आग, आईवडिलांचा मृत्यू अशा प्रत्यक्षात घडू शकणाऱ्या गोष्टी अधिक छळतात, पण याच वयात कारणे सांगितलेली पटूही लागतात. तेराच्या पुढे अंगात येणे, झपाटणे, ‘सत्य घटनेवर आधारित’ असा दावा यांसारख्या अमूर्त भीतीचा प्रभाव वाढतो.

या भीतीकडे पोरखेळ म्हणून पाहता येत नाही. हॅरिसन आणि कँटर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५३ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांनी लहानपणी किंवा किशोरवयात पडद्यावर पाहिलेल्या एखाद्या गोष्टीने आपल्याला बराच काळ घाबरवल्याचे सांगितले, आणि सुमारे २६ टक्क्यांच्या मनात ती अस्वस्थता तेव्हाही शिल्लक होती.

चेटकीण, तात्या विंचू आणि हस्तर

मराठी मुलांना भीतीची ओळख करून देण्याची एक सुज्ञ रीत मराठी रंगभूमीने फार पूर्वी शोधली. मोठ्यांसाठी अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहिणाऱ्या रत्नाकर मतकरी यांनीच मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ लिहिले, आणि त्यातली चेटकीण भीतिदायक असूनही हास्यास्पद आहे. तिची फजिती होणार याची खात्री प्रेक्षागृहातल्या मुलांना असते, दिवे पूर्ण मालवलेले नसतात, आणि शेजारी बसलेली शंभर मुले एकाच वेळी ओरडत असल्याने भीती वाटून घेतली जाते. ही चेटकीण एके काळी दिलीप प्रभावळकर यांनी रंगवली होती.

त्याच प्रभावळकरांनी महेश कोठारे यांच्या १९९३ सालच्या ‘झपाटलेला’ चित्रपटात तात्या विंचू साकारला आणि रामदास पाध्ये यांच्या हातच्या बाहुल्यात शिरलेल्या त्या गुंडाने एका पिढीची झोप उडवली. चित्रपटात लक्ष्मीकांत बेर्डे यांचा विनोद ठासून भरलेला असल्याने मोठ्यांना तो हसण्याचा वाटे. मुलांची अडचण अशी की राक्षस दूरच्या गुहेत राहतो, बाहुला मात्र प्रत्येक घरात असतो आणि चित्रपट संपल्यावरही तो कपाटावरच बसलेला दिसतो. विनोदी असणे म्हणजे मुलांच्या सोयीचे असणे नव्हे, हे या उदाहरणावरून लक्षात येते. ‘तुंबाड’ हा २०१८ सालचा चित्रपट याचे दुसरे टोक आहे. आजी, वाडा, पाऊस, दडलेला खजिना आणि हस्तर नावाचा लोभी देव असा त्याचा साज बालकथेचा वाटतो आणि त्यात मुलेही आहेत. तरी त्याला ‘ए’ प्रमाणपत्र मिळाले, आणि ते योग्यच होते. पडद्यावर मूल दिसले म्हणून चित्रपट मुलांचा होत नाही.

टोनही आणि पडद्यावरची चेटकीण

नेहरू नगरातल्या पालकांना आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. छत्तीसगडमध्ये टोनही, म्हणजे जादूटोणा करून इतरांचे वाईट करणारी मानली गेलेली स्त्री, ही केवळ गोष्टीतली व्यक्तिरेखा नाही. या आरोपावरून खऱ्या बायकांना मारहाण झाली आहे, त्यांना गावाबाहेर काढले गेले आहे, आणि म्हणून २००५ साली राज्याला टोनही प्रताडना निवारण कायदा करावा लागला. कोणाही व्यक्तीला टोनही ठरवणे हाच त्या कायद्यानुसार शिक्षापात्र गुन्हा आहे. महाराष्ट्रातही जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, अस्तित्वात आला.

छत्तीसगडमधील पंचांगानुसार श्रावणातल्या अमावास्येला येणाऱ्या हरेली सणाच्या दिवशी दारोदार कडुनिंबाच्या डहाळ्या खोचलेल्या पाहणाऱ्या आणि त्या वाईट शक्तींना दूर ठेवण्यासाठी असतात असे ऐकणाऱ्या मुलाला पडद्यावरची चेटकीण केवळ कल्पनेतली वाटेलच असे नाही. म्हणून एकटी राहणारी म्हातारी चेटकीणच निघते, असे सांगणारा चित्रपट दाखवण्यापूर्वी दोनदा विचार करायला हवा, आणि दाखवलाच तर खऱ्या आयुष्यात चेटकीण नसते, असतात ती आरोपाने छळलेली माणसे, हे त्याच बैठकीत सांगायला हवे. विशाल भारद्वाज यांचा ‘मकडी’ (२००२) या दृष्टीने उपयोगी आहे, कारण त्यातल्या शबाना आझमी यांच्या चेटकिणीमागचे ढोंग शेवटी मुलांच्या देखत उघडे पडते.

तयारी कशी ओळखावी

तयारीची खूण वाढदिवसाच्या आकड्यापेक्षा मुलाच्या वागण्यात अधिक स्पष्ट दिसते. पाहिलेल्या गोष्टीतले खरे काय आणि रचलेले काय हे मूल आपल्या शब्दांत सांगू शकते का, नको वाटल्यावर ‘बंद करा’ असे लाज न वाटता म्हणू शकते का, आणि भीती वाटल्यावर ती लपवण्याऐवजी मोठ्यांकडे येते का, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. यांपैकी दुसरा आणि तिसरा प्रश्न मुलाइतकाच घराचाही आहे. ज्या घरात जेवत नाही म्हणून बागुलबुवा दाखवला जातो आणि घाबरले म्हणून ‘भित्री भागूबाई’ म्हणून चिडवले जाते, तेथे मूल दहा वर्षांचे झाले तरी तयार होत नाही.

पालकांनी चित्रपट आधी स्वतः पाहावा. पहिला भयपट चित्रपटगृहाऐवजी घरी, दिवसा, दिवा लावून आणि आवाज कमी करून दाखवावा, कारण भयपटातली निम्मी भीती आवाजात असते. रिमोट मुलाच्या हाती द्यावा. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलाला बाहुला कोण हलवतो, रंगभूषा कशी चढवतात, हे दाखवले तर भीतीची जागा कुतूहल घेते. त्यानंतरच्या काही रात्री लक्ष ठेवावे. पहाटेकडे जागे होऊन स्वप्न आठवून रडणे हे दुःस्वप्न असते आणि जवळ घेतल्याने ते ओसरते. पण एकट्याने शौचालयात जाण्यास नकार, अंथरूण ओले करणे किंवा झोपेची टाळाटाळ काही आठवडे टिकली, तर बालरोगतज्ज्ञांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घ्यावा.

सात वर्षांखालील मुलाला भयपट दाखवण्याची कोणतीही निकड नसते, आणि त्यापुढेही मनात शंका असेल तर वर्षभर थांबण्यात काही बिघडत नाही. चित्रपट पुढच्या दिवाळीलाही उपलब्ध असेल. घाबरलेल्या मुलाची मोडलेली झोप मात्र लगेच सावरता येत नाही.